सदूची दोरी आणि मेडशीचा घाट

वाशीमला जाऊन आले म्हटलं की आमच्या आळीतल्या बायका पहिला प्रश्न विचारतात, "तिथं काय आहे हो?" काशी नाही, रामेश्वर नाही, थंड हवेचं ठिकाण नाही; मग नाताळच्या सुट्टीत एका शाळामास्तरणीने एवढ्या लांब वऱ्हाडात कशाला कडमडावं? त्यांचं चुकत नाही. मीही काही हौसेने गेले नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीने मला पाठवलं होतं, पोराचा कान धरून त्याला घरी आणायला.

पोर म्हणजे अक्काचा एकुलता एक सदू. पुण्यातल्या एका सायकलच्या दुकानाने शर्यतींसाठी पगारी पोरं ठेवली होती, त्यांत तो दोन वर्षं होता. सायकल चालवायचा पगार! अक्का म्हणायची, "उद्या जेवल्याचाही पगार मागतील." पण त्या दुकानात सदूचं काम एवढंच, की दुकानाच्या लाडक्या गड्याच्या पुढे राहून वारा आपल्या अंगावर घ्यायचा आणि शेवट जवळ आला की मुकाट्याने बाजूला व्हायचं. माळा दुसऱ्याच्या गळ्यात पडायच्या. अंगाने हा काडी, सपाटीवर कोणी त्याला मोजत नसे; पण चढ लागला की पोरगं निराळंच व्हायचं. वऱ्हाडातले एक पाटील कुठल्याशा लग्नाला पुण्याला आले होते. त्यांनी सदूला कात्रजचा घाट चढताना पाहिलं आणि तिथल्या तिथे आपल्याकडे बोलावलं. सदू गेला. आईला न विचारता गेला, आणि जाताना वळकटी बांधायला काही मिळेना म्हणून गॅलरीतली लुगडी वाळत घालायची दोरी सोडून घेऊन गेला.

या दोन गोष्टींपैकी अक्काने जास्त मनाला काय लावून घेतलं, देव जाणे. मी नवी दोरी आणू का म्हणून विचारलं, तर फणकाऱ्याने म्हणाली, "काही नको. तीच दोरी घेऊन परत येईल तो." तेव्हापासून तिची लुगडी परसातल्या कुंपणावर वाळत होती आणि रोज एखादं काट्याला अडकून फाटत होतं.

इकडे सदूच्या काकांनी शब्द टाकून कचेरीत त्याच्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती. सुट्टी लागल्याबरोबर अक्का माझ्या दारात हजर. "तिकडे ती घाटाची मोठी शर्यत आहे म्हणे. तीत पहिला आला तर राहू दे तिथं, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आला, तर तुझ्याबरोबर परत. माझं नाव घेऊन सांग त्याला." एवढं बोलून तिने माझ्या पिशवीत सदूसाठी बेसनाचे लाडू कोंबले. राग राग म्हणतात तो असा.

मेडशीचा घाट

अकोल्यापर्यंतच्या आगगाडीचं वर्णन करून तुम्हाला कंटाळा आणत नाही. अकोल्याहून वाशीमला सर्व्हिस मोटार जाते. तिच्यात माणसं किती बसतात हे विचारू नये. किती मावतात तेवढी बसतात. माझ्या एका बाजूला कापसाचे दलाल होते आणि दुसऱ्या बाजूला एक बाई टोपलीत कोंबडी घेऊन. कोंबडी दलालांपेक्षा कमी बोलत होती. पातूर मागे पडलं, मेडशीचा घाट लागला, आणि अर्ध्यावर मोटारीने फुस्स करून जीव सोडला. पुढून वाफांचे लोट निघाले. ड्रायव्हर शांतपणे खाली उतरला, त्याने बिडी पेटवली आणि आम्हाला सांगितलं, "उतरा बाप्पा समदे. इले पानी पाह्यजे."

उतरले. दोन्ही बाजूंना सागाचं रान, पानं वाळून तांबूस झालेली, मधूनमधून पळस. खाली पातूरकडची काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेल्या कापसाचे पांढरे पट्टे. आमच्याकडच्या घाटांत डोंगर अंगावर येतात. इथला घाट तसा गरीब, पण लांबच लांब. पाहता पाहता खालून दोन सायकली येताना दिसल्या. पुढचा उंच मानेचा, हडकुळा, सीटवरून उठून डावीउजवीकडे झुलत येत होता. दलाल ओरडले, "पाटलाचा पुनेकर आला, पाहा!" आणि मी पुढे होऊन पाहिलं. सदूच होता तो. काळवंडला होता, गालफडं बसली होती. पण पाय असे फिरत होते की चढ आहे हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसावं.

"अगं, मावशी!" तो ओरडला. "थांबता येत नाही, वर भेट!" आणि गेलासुद्धा. सख्खी मावशी भर घाटात उभी, आणि हा म्हणतो वर भेट! मी चांगली संतापले होते, तेवढ्यात दुसरा सायकलस्वार धापा टाकत आला आणि थांबला. चांगला दांडगा, दाढीत एकदोन पांढरे केस. त्याने बाटली काढून माझ्यापुढे धरली.

"तुमी सदूच्या मावशी न? घ्या, पानी प्या. मी रहीम, त्याचा जोडीदार. राग नोका मानू. चढावर थांबलं तर पोट्ट्याचा दम मोडते." मग घाम पुसत हसून म्हणाला, "माहा तं आधीच मोडला हाय."

वाशीम शहरात सायकली दुरुस्त करणाऱ्या घरातला हा रहीम. कितीतरी वर्षं पाटलांसाठी शर्यती मारत आला होता. त्याचा आधीचा जोडीदार पोलिसात भरती झाला आणि त्याच्या जागी सदू आला. जोडीदार हा काय प्रकार आहे ते मला तेव्हा कळलं नाही. ते पुढे कळलं, आणि त्याच्यावरच सगळं फिरलं.

रिठद

नारायण पाटलांचं गाव रिठद. वाशीमहून पाटलांच्या दमणीतून गेले. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. ती इतकी धावते की मी सगळा रस्ता डोक्यावरचा पदर आणि तोंडातले दात सांभाळत होते. पाटलीण गोदाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पायांवर पाणी घातलं, वर पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुमी पोराले न्याले आल्या काय?"

आमच्या पुण्यात हा प्रश्न विचारायला आठ दिवस आणि चार वेळचा चहा लागला असता. मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं."

"मंग आधी जेवा," गोदाबाई म्हणाल्या. "भांडन भरल्या पोटानं करावं."

जेवायला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, तुपात बुडवून कुस्करलेले, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. भाजीच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाटलीणबाईंना वाटलं पोराच्या काळजीने रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि आणखी भाजी वाढली.

या पाटलांचं प्रकरण तुम्हाला सांगायलाच हवं. वऱ्हाडात बैलांच्या शर्यती होतात, त्यांना शंकरपट म्हणतात. पाटलांचे वडील पटाचे शौकीन, हे स्वतःही तसेच. पुढे घोडा पडून मांडी मोडली, पटावर उभं राहणं सुटलं आणि मन सायकलींवर बसलं. पण माणूस बैलांचाच राहिला. सायकली गोठ्यात बांधलेल्या. हो, अक्षरशः खुंट्याला! पोळ्याच्या सणाला गावभर बैलांची पूजा होते तेव्हा यांच्याकडे सायकलींच्या मुठींना बाशिंगं बांधतात आणि गोदाबाई पुढच्या चाकाला पुरणपोळीचा घास लावतात. सदूला आणि रहीमला रोज सकाळी तेल लावून रगडायचं, दूध-गूळ द्यायचा, शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणाची नजर लागू द्यायची नाही. मी हसले तर पाटील गंभीरपणे म्हणाले, "बाई, पयनाऱ्याची जात एकच. पाय दोन असू देत नाई तं चार." वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो; पयनारा म्हणजे पळणारा.

आणि जोडीदारांनी एका परातीत जेवायचं. गोठ्याच्या पडवीत मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जागच्या जागी उभी राहिले. आमचा सदू, ज्याच्या आजीने पाण्याचा तांब्यासुद्धा कोणाला शिवू दिला नाही, रहीमच्या परातीतली भाकर मोडत होता. रहीम वांग्याची मऊ फोड त्याच्याकडे सरकवत होता. गोदाबाई माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "पहिले मलेही कसंतरी वाटलं होतं. पर हे म्हनते, जोडी एका गव्हाणीत खाईन तरच एका पायानं पयन. आता सवय झाली. तुमालेही होईन." खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी मला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी अक्काचे लाडू काढले आणि स्वतःच्या हाताने त्या परातीत ठेवले. रहीमने दोन खाल्ले आणि म्हणाला, "सदूच्या मायले सांगजा, असा लाडू आपन जल्मात नाई खाल्ला." ते मी अक्काला शब्दशः सांगितलं. परात मात्र बरीच नंतर सांगितली.

त्याच गोठ्याच्या भिंतीवर खुंट्यांना जुनी दावी टांगलेली होती. काळी पडलेली, पिळाची, एकेक नीट गुंडाळून. मी विचारलं तर पाटील म्हणाले, "हे इकलेल्या बैलांचे. आमी बैल इकतो, दावं नाई देत. मालकीन आपल्या हातानं गळ्यातलं दावं सोडते अन् घरी ठेवते. मंग त्याले समजते, आता आपून मोकये. नव्या गोठ्यात रमते थो. दावं तोडून आलेला बैल असते न, थो कितीबी चारा टाका, मान वयवून मांगं पाह्यत राह्यते."

मग जरा थांबून सदूकडे हनुवटी करून म्हणाले, "हे पोरगंबी तसंच करते. दिवस बुडाला का पुन्याकडे तोंड करून बसते. याचं दावं कोनी सोडलंच नाई, बाई."

 

वाशीम

शर्यतीच्या आधी दोन दिवस आम्ही वाशीमला पाटलांच्या भाच्याकडे मुक्कामाला आलो. बालाजीच्या देवळात गेलो, तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो, बाजारात गोदाबाईंनी मला हुरड्याबरोबर खायची एक चटणी घेऊन दिली जी मी अजून उघडायचं धाडस केलेलं नाही. गावभर शर्यतीचंच बोलणं. वाशीमहून निघायचं, मालेगाव, मेडशी, घाट उतरून पायथ्याला वळसा, तोच घाट चढून पुन्हा वाशीम; सगळं एकाच दिवसात.

आणि इथे ती जोडीची गोष्ट. पटात बैल जोडीने धावतात, म्हणून या लोकांनी सायकलींच्या शर्यतीलाही तोच नियम लावला होता. प्रत्येक मालकाची दोन माणसं. जोडीतला मागचा गडी ज्या वेळी रेघ ओलांडेल ती जोडीची वेळ. पुढचा कितीही आधी येऊन बसला तरी त्याला विचारतो कोण! वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. या वर्षी मात्र कोणी नवे साहेब बदलून आले होते, त्यांना हा प्रकार अजब वाटला. त्यांनी जोडीच्या बक्षिसाशिवाय एक चांदीचा पेला ठेवला, जो एकटा सर्वांत आधी येईल त्याला.

पाटील चिडले. "एकटा बैल पटावर पयते काय? जू कोनाच्या मानंवर ठेवान?" पण मी सदूचा चेहरा पाहत होते. अक्काची अट मी त्याला आल्या दिवशीच सांगितली होती. त्याने खाली मान घालून "कबूल" म्हटलं होतं. पहिला आला तर राहायचं. आणि आता खरोखरच कोणी एकटा पहिला येणार होता. रहीम सपाटीवर दांडगा, पण घाटात मागे पडायचा, हे सगळ्या वाशीमला ठाऊक. रहीमची वाट पाहत बसलं तर पेला गेला, आणि पेल्याबरोबर वऱ्हाडही गेलं.

त्या संध्याकाळी पाटलांनी दोघांना समोर बसवलं. मला वाटलं, आता दरडावतील. पण ते एवढंच म्हणाले, "सदू, आपल्या घरात आपन कोनाले ओढून पयवलं नाई. तुले वाटीन तसं कर. माही काई तक्रार नाई."

रहीम म्हणाला, "काहून विचार करून राह्यला बे? निंग तू पुढे. मांगं पाहू नोको. माहं तं हे शेवटचं साल हाय, गुडघे बोलून राह्यले. तुले अजून लय घाट चढाचे हायेत."

सदू उठला, सायकलीचं मागचं चाक काढून पुसायला लागला. या शर्यतींच्या सायकलींना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दातेरी चकत्या असतात. एक मोठी, चढासाठी, एक लहान, सपाटीसाठी. चढ लागला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं आणि निघायचं. घाट संपला की पुन्हा तेच. सदूचा हात त्यात इतका बसला होता की मला भाजी चिरायला लागतो त्याहून कमी वेळ लागे. पण त्या संध्याकाळी तेच चाक तो किती तरी वेळ पुसत राहिला.

आणि मी? आणायला आले होते ना मी त्याला? त्या दिवशी बालाजीसमोर हात जोडून मी काय मागितलं ते सांगते: पेला सदूला मिळू दे. अक्काने ऐकलं असतं तर मलाच घरात घेतलं नसतं.

घाटमाथा

शर्यतीच्या दिवशी पाटील, गोदाबाई आणि मी सकाळीच घाटमाथ्यावर जाऊन बसलो. गार वारा सुटला होता. मेडशीची सगळी माणसं लोटली होती. शेंगावाले, ऊसवाले, झाडांवर चढलेली मंडळी. सायकली आमच्यासमोरून घाट उतरून गेल्या तेव्हा सगळे एका घोळक्यात होते, ओळखूसुद्धा आले नाहीत. मग वाट पाहणं. गोदाबाई जप करत होत्या. पाटील काठी टेकून वळणाकडे डोळे लावून उभे होते, मोडलेल्या मांडीवर भार देऊन. बसा म्हटलं तरी बसेनात.

"आला!" झाडावरून कोणी ओरडलं. "पुनेकर आला! एकटाच हाय बाप्पा!"

खरंच एकटा होता. वळणावरून सदू आला आणि त्याच्यामागे रस्ता रिकामा. केवढं अंतर काढलं होतं पोराने! मी आयुष्यात कधी रस्त्यात ओरडले नव्हते. शाळेत मुलींना मी आवाज चढवू नका म्हणून शिक्षा करते. त्या दिवशी मी पदर खोचून ओरडले, "शाब्बास रे माझ्या वाघा! चल, चल!"

माथ्यावर येऊन तो उतरला. चाक काढलं, फिरवलं, बसवलं. झालं. आता नुसतं पाय टाकून निघायचं, पुढे सगळा सोपा रस्ता, वाशीम आणि पेला. त्याने एक पाय टाकला आणि मान वळवून मागे पाहिलं.

वळणावरून दुसऱ्या जोड्यांचे गडी यायला लागले होते. रहीम त्यांच्यात नव्हता. खालून आलेल्या एका माणसाने सांगितलं, "रहीमभाईच्या पोटरीत गोया आला. खाली बसला हाय."

"सदू, जा!" मी ओरडले. "अरे, जा ना! काय बघतोस?"

तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, जोडी मागं आहे." एवढंच. मग पुन्हा उतरला, ते चाक काढलं, उलटं फिरवून पुन्हा चढाच्या बाजूने बसवलं आणि घाट खाली उतरून गेला.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आजूबाजूला लोक हसत होते. "बह्याड हाय बे! हातातला पेला सोडला!" कोणी म्हणालं, पुण्याची माणसं अशीच. मी पाटलांकडे पाहिलं.  ते काठी टेकत कडेपर्यंत गेले आणि खाली उतरणाऱ्या सदूकडे पाहत राहिले.

बऱ्याच वेळाने दोघं आले. शेजारी शेजारी. रहीम एका पायाने रेटत होता, दुसरा नुसता फिरत होता. सदूचा एक हात स्वतःच्या मुठीवर आणि दुसरा रहीमच्या पाठीवर, त्याला वर ढकलत. दोघंही तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. शिव्या होत्या असं गोदाबाईंचं मत, आणि मी कानावर हात ठेवला नाही. माथ्यावर दोघांनी चाकं फिरवली. रहीमचं चाक सदूनेच बसवलं. मग एकदम निघाले. त्यांच्या पुढे किती जोड्या गेल्या हे मी मोजलं नाही. वाशीमला बक्षिसं वाटून झाली होती तेव्हा दोघांनी रेघ ओलांडली, एकाच वेळी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून.

आम्ही सर्व्हिस मोटारीने त्यांच्या मागोमागच पोचलो. पाटील उतरले, सदूच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या घामेजल्या पाठीवर त्यांनी मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. रहीम जमिनीवर पाय पसरून बसला होता. त्याला म्हणाले, "तुह्यामांगं कोन, याची मले फिकर होती. आता नाई." मग माझ्याकडे वळले. "बाई, दोन साल थांबा. या घाटावर याच्यापुढे कोनी दिसनार नाई. पेला मंग बी भेटते. असा जोडीदार नाई भेटत."

रात्रीच्या जेवणाला मी सदूला एकट्याला गाठलं. "अरे," मी म्हटलं, "दुसऱ्यासाठी मागे राहायचं, म्हणून तर तू पुणं सोडलंस ना? इथं येऊन तेच केलंस?"

तो भाकरीचा तुकडा हातात घेऊन हसला. "तिथं मला राहायला सांगायचे, मावशी. इथं सगळ्यांनी जा म्हणून सांगितलं." मग हसू गेलं. "कबूल केलंय मी. पहिला नाही आलो. सकाळी वळकटी बांधून येतो."

मोटारीचा अड्डा

सकाळी तो आला. शब्दाचा पक्का, बापासारखा. वळकटी रहीमने लंगडत खांद्यावरून आणली होती. गोदाबाईंनी दशम्या, लोणचं, तिळाची चटणी असं एक गाठोडं माझ्या हातात दिलं, आणि त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या. पाटील मोटारवाल्याशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत होते. कोणी कोणाला राहा म्हणत नव्हतं. माणूस त्यांनी कधी ओढून पळवला नव्हता, आणि ओढून ठेवणारही नव्हते.

रहीमने वळकटी माझ्या पायाशी ठेवली. आणि मी पाहिलं. ती दोरी! अक्काची दोरी, एका टोकाला निळीचा डाग पडलेली. कधीमधी माझ्याही लुगड्यांचे चिमटे जिच्यावर लागले होते ती.

मी खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ काही साधी नव्हती, सदूने आवळली होती.

"मावशी, काय करतेस? मोटार सुटेल," सदू म्हणाला.

"सुटू दे," मी म्हटलं. दातांनी गाठ सोडवली. वळकटी भस्सकन रस्त्यावर उलगडली. चादर, उशी, दोन बंड्या, सगळं वाशीमच्या धुळीत. लोक हसायला लागले. मी दोरी कोपरावर गुंडाळली, पिशवीत टाकली आणि मोटारीत जाऊन बसले.

सदू तसाच उभा. त्याला कळेना. कळलं ते पाटलांना. त्यांनी फेटा काढला, हातात धरला आणि नुसते माझ्याकडे पाहत राहिले. गोदाबाई रस्त्यात बसून चादर गोळा करायला लागल्या आणि गोळा करता करता रडायला लागल्या. मग सदूलाही कळलं. मोटार सुटली तेव्हा तो खिडकीच्या बाजूने धावत येत होता, काहीतरी बोलत होता. त्या मेल्या मोटारीच्या खडखडाटात मला ऐकू आलं नाही. घाट लागला. या वेळी मोटार तापली नाही, उतारच होता.

पुणे

अक्का दारातच उभी होती. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिलं. "पहिला आला?"

"नाही."

"मग?"

मी आत जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. घाट, रहीम, पेला, उलटं फिरवलेलं चाक. दाव्यांची भिंत सांगितली. मालकीण आपल्या हाताने दावं सोडते, ते सांगितलं. "तू नव्हतीस तिथं," मी म्हटलं, "म्हणून तुझ्या नावाने मी सोडलं. चुकलं असेल तर मला बोल." आणि दोरी तिच्या मांडीवर ठेवली.

आता ही मला फाडून खाणार, अशा तयारीत मी होते. कारकुनीची जागा, काकांचा शब्द, सगळं माझ्यामुळे पाण्यात. पण तिने दोरी उलगडली, निळीच्या डागावरून अंगठा फिरवला, पुन्हा नीट गुंडाळली. उठली, देवघरात गेली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला ती अडकवून आली.

"जेवतो का रे नीट?" ती कोणाला विचारत होती कुणास ठाऊक. मी म्हटलं, "जेवतो. जोडीने जेवतो."

तिने पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या मंडईत जाशील तेव्हा मला लुगडी वाळत घालायला एक नवी दोरी घेऊन ये."